मूठ न घातलेली ढेप

मी मिठाचा साचा. बोलायची मला सवय नाही, कारण आयुष्यभर माझं तोंड भरलेलंच होतं. आता पोटाला चीर गेली आहे, तोंड मोकळं आहे, म्हणून बोलतो.

जन्माने मी खजुराचं झाड. कुर्गामाच्या बागेत माझ्या रांगेतली सगळी झाडं घोसांनी वाकायची आणि मी आपला ताठ. सात वर्षं वाट बघून आमच्या घरची मालकीण यागाना, तिच्या सासऱ्याने माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "हे नुसतंच उंच झालंय." दुसऱ्या दिवशी मी आडवा होतो. माझा गुडघाभर उंचीचा तुकडा घेऊन त्याने आतून कोरला, बाहेरून उंटाचं ओलं कातडं शिवलं, आणि आतल्या भिंतीवर दोन तिरक्या रेघा नि एक टिंब अशी घराची खूण खोदली. जे झाड फळाला आलं नाही, त्याच्या पोटातून पुढे हजारो ढेपा निघाल्या. माणसं याला नशीब म्हणतात. मी कुऱ्हाड म्हणतो.

कुर्गामात मीठ पिकतं आणि खजूर पिकतो. तिसरं काही पिकत नाही. चहूकडे वाळवंट, बाजरीच्या मुलखापर्यंत बारा दिवसांची वाट. पावसाळा सरून हवा थंडावली की दक्षिणेकडून उंटांचा तांडा बाजरी घेऊन येतो आणि मिठाच्या ढेपा घेऊन जातो. वर्षातून एकदाच. त्या एका आठवड्यात ज्या घरची ढेप गेली, ते घर वर्षभर बाजरी खातं. ज्याची गेली नाही, ते घर खजूर खातं. सकाळी खजूर, दुपारी खजूर. पाहुण्याला वाटतं, काय गोड लोक आहेत. आठव्या महिन्यात येऊन बघावं त्याने.

तरी गावाचा तोरा असा की, "आपण आहोत म्हणून तांडे जगतात." आणि तांड्यातले लोक उंटावरून उतरताना एकमेकांना म्हणतात, "आपण येतो म्हणून हे गाव जगतं." दोन्ही वाक्यं मी एकाच सकाळी, एकाच भिंतीशी टेकून ऐकली आहेत. भांडण कधी झालं नाही, कारण दोघंही ते आपापल्या भाषेत बोलतात.

आता आमच्या गावचं एक गुपित सांगतो. गुपित म्हणजे जे सगळे करतात आणि कुणी बोलत नाही ते.

ढेप भरायचं काम बायकांचं. मिठागरातला खडा कुटायचा, जरा ओला करायचा आणि माझ्यात थराथराने ठोकून बसवायचा. साचा अर्धा भरला की घरची मोठी बाई इतरांना काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवते. "जा, पाणी आण." "जा, बकरी बघ." आणि मग मधोमध वाळू घालते. याला म्हणायचं मूठ. नाव मूठ, घालायची टोपली. वरून पुन्हा मीठ, वर पाण्याचा हात, मला उलटा करून दोन थापट्या, की ढेप बाहेर. वरून चांदीसारखी.

ही लबाडी आहे असं कुर्गामात कुणीच मानत नाही. मुठीशिवाय ढेप बांधली जात नाही, असं म्हणतात. वाळवंटाचा वाटा वाळवंटाला द्यावा, असंही म्हणतात. सुनेला ही मूठ पहिलं मूल झाल्यावर सासू दाखवते, त्याआधी नाही. पोर झालं की सून कुठे पळून जात नाही, एवढाच त्यातला विचार असावा.

तांडेवालेही काही हरिश्चंद्र नव्हते. त्यांच्या बाजरीच्या पोत्यात तळाशी वाळू असायचीच. घरोघरच्या बायका ती चाळून काढायच्या. तरी शिजवलेल्या घाट्यात थोडी राहायची आणि जेवताना कुणाच्या तरी दाताखाली कर्र वाजायचं. मग यजमान म्हणायचा, "आज वारा फार आहे." पाहुणाही मान हलवून म्हणायचा, "फार." वारा असो नसो. मीठ आमचं, बाजरी त्यांची, वाळू कुणाचीच नाही, ती वाऱ्याची. असा सगळा व्यवहार तीन पिढ्या सुरळीत चालला होता.

मग केल्लू आली.

केल्लू ही यागानाच्या धाकट्या मुलाची, बुकरची, बायको. चार दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या खजूरबागेतून लग्न होऊन आली. तिच्या गावात मिठागर नाही, फक्त खजूर. यागानाने तिला पसंत केली ती एका गुणावर, मुलगी बोलत नाही. यागानाच्या थोरल्या सुनेने बोलून बोलून वेगळं घर मांडलं होतं, तेव्हापासून यागानाला मुकेपणाचं फार कौतुक.

शेजारची फंता, जिला दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते स्वतःच्या अंगणापेक्षा जास्त ठाऊक असतं, पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून म्हणाली, "यागाना, सून आणलीस का मडकं? काही आवाजच नाही."

"मडकं बरं बाई," यागाना म्हणाली. "तुझ्यासारखी घागर नको. अर्धी असून वाजते."

केल्लू तेव्हा माझ्या पलीकडे बसून बाजरी चाळत होती. ती हसली, पण खाली बघून. मी जमिनीवरच असतो, म्हणून मला दिसलं.

बाजरी चाळणं हे नव्या सुनेचं काम. केल्लू रोज चाळायची. पहिल्या दिवशी चाळणीखाली वाळूचा छोटा ढीग जमला, तेव्हा तिने विचारलं, "आत्याबाई, ही कुठे टाकू?"

"टाकू नको. त्या कोपऱ्यातल्या मडक्यात ठेव. लागते."

कशाला लागते, हे यागानाने सांगितलं नाही. केल्लूने विचारलं नाही. मला मात्र ठाऊक होतं, कारण ती वाळू माझ्याच पोटातून जायची. बाजरीतून निघालेली वाळू मिठात घालून आम्ही दक्षिणेला पाठवायचो, आणि मला दाट संशय आहे की, तिकडे मीठ विरघळवल्यावर खाली उरलेली तीच वाळू पुढच्या वर्षी बाजरीतून परत यायची. आमच्या गावातून इतका प्रवास दुसऱ्या कुणी केलेला नाही.

त्या वर्षी ढेपा घालायच्या ऐन दिवसांत यागानाचे डोळे आले. मिठागरात हे होतंच. उन्हाची तिरीप, खाऱ्या पाण्याचा शिंतोडा, आणि डोळे लाल होऊन चिकटतात. पण या खेपेला इतके आले की, तीन आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडून राहावं लागलं. बुकर खजूर उतरवायला बागेत. घरात दुसरं कुणी नाही. तांडा यायला महिना उरलेला आणि चाळीस ढेपा घालायच्या.

"जमेल का ग?" यागानाने पट्टीआडून विचारलं.

"बघितलंय मी," केल्लू म्हणाली.

तिने जे बघितलं होतं ते सगळं केलं. खडा कुटला, दोनदा चाळला, कारण चाळायची सवयच लागली होती हाताला. ओलं केलं, थराथराने ठोकलं. अर्धं भरल्यावर यागाना तिला नेहमी पाण्याला पाठवायची, म्हणून ती अर्धं भरल्यावर उठली, विहिरीवर जाऊन पाणी घेऊन आली आणि मग उरलेलं भरलं. रीत म्हणजे रीत. पाणी आणताना घरात काय व्हायचं असतं, ते तिला कोण सांगणार? कोपऱ्यात वाळूचं मडकं तोंडापर्यंत भरून बसलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही तोंड असून बोलता येत नव्हतं.

पहिल्यांदाच माझ्या पोटात आरपार मीठ गेलं. खरं सांगतो, मला बरं वाटेना. जन्मभर भेसळीची सवय असलेल्याला शुद्ध अन्न एकदम पचत नाही.

यागाना रोज संध्याकाळी खाटेवरून विचारायची, "किती झाल्या?"

"सव्वीस."

"सगळं घातलंस ना नीट?"

"सगळं घातलं, आत्याबाई."

याहून स्पष्ट विचारायची सोय नव्हती. पोर नसलेल्या सुनेपुढे मुठीचं नाव काढायचं नसतं. यागानाने मनाशी समजूत घातली की, पोरगी हुशार आहे, दाराच्या फटीतून कधीतरी बघितलंच असेल. आपणही लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात फटीतूनच बघितलं होतं, हे तिला आठवत असावं. केल्लू फटीतून बघणाऱ्यांतली नव्हती. तेवढा एकच दोष होता तिच्यात.

तांडा आला. दोनशे उंट, आणि पुढे म्होरक्या गुमूर. निळ्या मुंडाशाने नाक-तोंड झाकलेलं, फक्त डोळे उघडे. पण गुमूरचा भरवसा डोळ्यांवर नव्हता, कानांवर होता. तीस वर्षं तो ढेप घेत आला ती ठोकून. बोटाचं पेर वाकवायचं, ढेपेच्या पोटावर दोनदा मारायचं, कान लावायचा. थप थप वाजली की ढेप भरीव. टण वाजली की आत पोकळी, म्हणजे वाटेत फुटणार. कुठल्याशा गावाने त्याच्या बापाला पोकळ ढेपा दिल्या होत्या. तेव्हापासून त्या घराण्यात टण या आवाजाची धास्ती.

"उंटाच्या पोटात किती दिवसांचं पाणी आहे ते मी कान लावून सांगतो," तो म्हणायचा. "मिठाची काय कथा."

उतरल्यावर रीतीप्रमाणे त्याने घरोघर पाहुणेराची, म्हणजे भेटीदाखल, एकेक वाडगा बाजरी पाठवली. मग बाजारच्या मोकळ्या जागेत ढेपा मांडल्या गेल्या, प्रत्येक घराच्या वेगळ्या. मलाही खूण पटवायला ढेपांशेजारी ठेवलं होतं. यागाना पट्टी सोडून आलेली. डोळे अजून तांबडेच. केल्लू तिच्यामागे, पदर पुढे ओढून.

गुमूर आमच्या ढेपांपाशी आला. "यागानाबाई, तुमच्या काय ठोकायच्या," असं म्हणत नुसत्या मानापुरतं पेर मारलं.

टण.

त्याचा हात जागीच राहिला. दुसरी ठोकली. टण. तिसरी, चौथी, दहावी. सगळ्या अशा वाजल्या की पलीकडच्या उंटांनी माना वळवल्या.

"पोकळ आहेत," गुमूर म्हणाला.

"कोण पोकळ? तुझं डोकं असेल," यागाना म्हणाली. "तीस वर्षं आमच्या घरची ढेप नेतोयस."

"म्हणूनच सांगतोय. तीस वर्षांत हा आवाज नाही ऐकला. एक फोडून बघू."

कुर्गामात बाजारात ढेप फोडणं म्हणजे त्या घराला भर गर्दीत चोर म्हणणं. एकदा फुटली आणि आत खोट निघाली, तर ती खूण पुन्हा कुणी घेत नाही. आणि फोडायचा हक्क फक्त त्या घरच्या माणसाला.

यागाना ढेपांपुढे हात पसरून उभी राहिली. तिच्या हिशेबाने आत टोपलीभर वाळू होती. "माझ्या सासऱ्याची खूण आहे ती. फोडायची तर आधी मला फोड."

आणि मग एक चमत्कार झाला. जन्मात यागानाची बाजू न घेतलेली फंता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "अशी कशी फोडता? घराण्याची अब्रू आहे." मग तिसरी आली, चौथी आली. बघता बघता गावातल्या झाडून सगळ्या बायका यागानाच्या अब्रूभोवती उभ्या. इतकी एकी मी विहीर आटली होती त्या वर्षीही बघितली नव्हती. प्रत्येकीला ठाऊक होतं, आज हिची फुटली की उद्या आपली.

बुलामा, म्हणजे गावचा प्रमुख, घाईघाईने आला. त्याच्याही घरच्या साठ ढेपा मांडलेल्या. "गुमूरभाऊ," तो म्हणाला, "रीत मोडू नये. रीत मोडली की काय उरतं?"

"मग घेत नाही," गुमूर म्हणाला. "चाळीसही राहू देत इथेच." आणि तो फंताच्या ढेपांकडे वळला.

यागानाचे हात खाली आले. चाळीस ढेपा म्हणजे घराची वर्षाची बाजरी. तिने मागे वळून केल्लूकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय करून ठेवलंस ग? हे असंच राहिलं तर याच तांड्याबरोबर तुला माहेरी धाडते. खजूर खाऊन राहायला तीन तोंडं नकोत मला."

केल्लूला खरोखरच काही कळत नव्हतं. आत मीठ आहे, हे तिला ठाऊक. मग बघू द्यायला काय हरकत? "आत्याबाई, फोडू या ना," ती म्हणाली.

"गप्प बस."

"पण आत काहीच नाही."

"हळू बोल, मेले."

केल्लू गप्प बसली. पण बसताना ती घराकडे गेली आणि उखळातलं मुसळ घेऊन आली. ती बोलत नाही म्हणून ती काय करते याकडे कुणाचं लक्ष नसायचं. त्या दिवशीही नव्हतं. सगळ्यांचं लक्ष गेलं ते तिसऱ्या घावाला, जेव्हा ढेप मधोमध उकलली.

यागानाने डोळे मिटले. फंताने तर तोंडावर हात ठेवला.

आत मीठ होतं. काठापासून काळजापर्यंत पांढरं, घट्ट मीठ. ना पोकळी, ना वाळूचा कण. बुलामा वाकला, बोट लावून चाटलं. असं मीठ त्यानेही कधी खाल्लं नसावं, कारण चेहरा भाबडा झाला होता.

तुम्हाला वाटेल, गावाने आनंद केला. गाव त्या ढेपेकडे असं बघत होतं, जणू आत साप निघाला. यागाना तर सगळ्यांत जास्त. ती केल्लूच्या कानाशी लागली. "मडक्यातली वाळू?"

"आहे ना तिथेच. तुम्ही ठेव म्हणालात, ठेवली."

गुमूर उकिडवा बसून तुकडा फिरवून फिरवून बघत होता. तीस वर्षांचे कान भर बाजारात खोटे पडले होते, आणि त्याचे तांडेवाले मागे उभे राहून बघत होते. तो सावकाश उठला.

"बरं," तो म्हणाला. "भरीव मीठ टण वाजतं, हे आज कळलं. मग इतकी वर्षं तुमच्या गावच्या ढेपा थप थप का वाजायच्या?"

उत्तर प्रत्येक घराला ठाऊक होतं, पण ते कोण देणार.

"यांच्याही फोडा," गुमूर म्हणाला. "प्रत्येक घरची एक."

सगळ्या बायकांनी केल्लूकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण माझं लाकूड तडकलं ते मला वाटतं त्याच क्षणी. फंता स्पष्टच म्हणाली, "मडकं म्हणत होते मी. ही तर सुरुंग निघाली."

केल्लूने मुसळ भिंतीला टेकवलं. पदर सारखा केला. मग बुलामाकडे बघून, पण गुमूरला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, आमच्या घरावर आळ आला होता. ज्या घरावर आळ घेतला, तिथे आधी जेवायचं, मग पुढचं बोलायचं, अशी रीत आहे ना इथे? आत्याबाई सांगत होत्या."

"आहे," बुलामा बुडत्याने दोर धरावा तसा म्हणाला. "आहेच मुळी. गुमूरभाऊ, आधी जेवण. रीत मोडली की काय उरतं?"

घरात केल्लूने पाहुणेराची बाजरी काढली. गुमूरचीच, त्या सकाळी आलेली. एरवी ती एकेक मूठ चाळायची, तीन पाण्यांनी धुवायची. त्या दिवशी तिने चाळणी खुंटीवरून काढलीच नाही. यागाना म्हणाली, "अग, चाळ तरी."

"पाहुणे खोळंबलेत, आत्याबाई."

घाटा शिजला. त्यात तिने बाजारात फुटलेल्या ढेपेचा खडा सगळ्यांसमोर कुटून घातला. अंगणात चटई, चटईवर गुमूर नि बुलामा, भिंतीपलीकडे फंता आणि जवळजवळ सगळं गाव. मलाही उचलून घरी आणलं होतं, मी दाराशी.

गुमूरने मुंडाशाचा पदर हाताने जरासा उचलला आणि आतून घास तोंडात नेला. त्या लोकांत जेवताना तोंड दिसू देत नाहीत. तोंड दिसलं नाही. पण आवाज आला.

कर्र.

भिंतीपलीकडेही ऐकू गेला. बुलामा सवयीने म्हणाला, "आज वारा…" आणि थांबला. वारा नव्हता. खजुराचं एक पातं हलत नव्हतं.

गुमूरचा जबडा थांबला होता. केल्लू वाढायचा डाव घेऊन उभी. ती खाली बघून म्हणाली, "मीठ तुमच्यासमोर फोडलं होतं. त्यात तर काही नव्हतं."

एवढंच. पुढचं वाक्य ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती, ते सगळ्या गावाने मनात पुरं केलं.

गुमूरने पुष्कळ वेळ चावलं. मग गिळलं. "पाणी," तो म्हणाला. पाणी प्यायला. "घाटा चांगला झालाय."

"अजून वाढू?"

त्याने तिच्याकडे बघितलं. नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागलं असतं. "वाढ," तो म्हणाला.

त्याने अख्खी परात संपवली. मी इतकी माणसं जेवताना बघितली, पण इतक्या जिद्दीने जेवलेला माणूस दुसरा नाही. प्रत्येक घासाला कर्र. शेवटी हात धुऊन तो बाजारात गेला आणि मोठ्याने म्हणाला, "माझे कान म्हातारे झाले. यागानाबाईंच्या उरलेल्या एकोणचाळीसही बांधा. बाकीच्यांच्या फोडायची काही गरज नाही."

संध्याकाळी उंटांवर ढेपा चढल्या, घरात बाजरीची पोती आली. यागानाने पोत्यांवरून हात फिरवला आणि सुनेकडे बघत राहिली.

"बोलत नाहीस म्हणून पसंत केली होती तुला."

"बोलले कुठे?" केल्लू म्हणाली. "वाढलं फक्त."

माहेरी धाडायचा विषय पुन्हा निघाला नाही. तिसऱ्या दिवशी यागानाने तिला माझ्यासमोर बसवून मूठ दाखवली. पोर झालेलं नसताना. फंताने भिंतीवरून विचारलंच, "रीत मोडलीस ग?" यागाना म्हणाली, "तिने त्या दिवशी अख्ख्या गावाचं बाळंतपण केलं. आणखी कुठलं पोर हवंय तुला?"

पुढच्या वर्षी गुमूर आला तेव्हा सगळ्यांत आधी आमच्या दाराशी. इकडेतिकडे बघून केल्लूला म्हणाला, "पोरी, तुझ्या एकोणचाळीस ढेपांनी मला दक्षिणेत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. जो येतो तो ठोकतो. टण वाजलं की म्हणतो, पोकळ आहे, कुर्गामाची असली ढेप थप वाजते. एकानेही घेतली नाही. शेवटी सगळ्या फोडून सुटं मीठ विकावं लागलं."

"कसं होतं मीठ?"

"लोक बोटं चाटत होते. पण ढेप म्हणून घ्यायला कुणी तयार नाही." त्याने आवाज आणखी खाली आणला. "या वर्षी मूठ घातलीस ना?"

म्हणजे नावासकट ठाऊक होतं त्याला. तीस वर्षं.

"घातली," केल्लू म्हणाली. "आणि बाजरी?"

"बाजरीचं काय?"

"काही नाही. वारा फार असतो वाटेत."

मुंडाशाआड गुमूर हसला असावा, कारण निळं कापड हललं. त्याने ढेपा ठोकल्या. थप थप. सगळ्यांना बरं वाटलं. गुमूरला, गावाला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही.

तांडा गेल्यावर केल्लूने दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक लहान पोतं. वर कसली खूण नाही. तिने बाजरी चाळणीत घेतली, हलवली, चाळणी उचलून खाली बघितलं. काही पडलं नव्हतं. तिने ती कोरी जमीन बोटांनी चाचपून बघितली. मग उठली, खडा कुटला, दोनदा चाळला, आणि माझ्यात आरपार मिठाची एक ढेप घातली. ती तिने चटईने झाकून ठेवली, पुढच्या वर्षीसाठी.

तेव्हापासून दर वर्षी एक पोतं येतं आणि एक ढेप जाते. दोन्ही झाकून. बाकीचा बाजार उजेडात, चारचौघांत, ठोकून वाजवून चालतो. आमच्याकडे लबाडीला लपावं लागत नाही. सचोटीला तेवढं कांबळ्यात गुंडाळून न्यावं लागतं.

आता मी म्हातारा झालो. त्या दिवशी तडकलेली चीर वाढत वाढत तळापर्यंत गेली. बुकरने नवा साचा कोरला आहे, तोही माझ्यासारख्याच बिनफळाच्या झाडाचा. रोजच्या ढेपा त्याच्यात होतात. मी अंगणात पालथा पडलेला असतो. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि केल्लूची धाकटी मुलगी कोंबड्यांना हाकलून स्वतः बसते. पण वर्षातून एकदा केल्लू मला सुलटा करते, फडक्याने पुसते, पोटाला दोरीचे चार वेढे देते, आणि ती एक ढेप माझ्यातच घालते. नव्या साच्यात घालत नाही. माझं पोट आता त्याला सरावलं आहे.

माझं मागणं फार नाही. फुटेन तेव्हा मला चुलीत घालायला हरकत नाही, पण घाटा केल्लूचा असावा.

आणि तुम्ही कधी कुर्गामाला आलात तर जेवायला आमच्याकडेच या. पण रीतीपुढे इलाज नसतो. दुसऱ्या कुणी बोलावलं आणि दाताखाली कर्र वाजलं, तर थांबू नका, यजमानाकडे बघू नका. आज वारा फार आहे म्हणा, आणि गिळा.